एकसीटर विमान घरी डिझाइन करताना : 450 मीटरची मुरमाची पट्टी, मे महिन्याचे 45 अंश आणि 200 चा वेग

पूर्णाकाठ (प्रश्न)

एकसीटर, लो-विंग (पंख खालच्या बाजूला), पक्क्या म्हणजे आत न जाणाऱ्या चाकांचं विमान कागदावर घेतलंय. जागा अमरावती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून साधारण 310 मीटर. पट्टी 450 मीटर, मुरूम टाकून रोलर फिरवलेली. दोन्ही बाजूंना काळी माती, एका टोकाला 11 केव्हीची लाईन.

अपेक्षा : फ्लॅप (पंखामागच्या उघडणाऱ्या झडपा) उघडे ठेवून स्टॉल (पंखाची लिफ्ट, म्हणजे उचल, तुटण्याचा वेग) ताशी 75 किमीच्या आत, प्रवासाचा वेग 200, आणि मे महिन्यातही उडता आलं पाहिजे. वजनाचा हिशेब असा : रिकामं विमान 240 किलो, पायलट 85, पेट्रोल 40 लिटर म्हणजे 29, सामान 6. एकूण 360.

विचारायचं हे :
पंख किती चौरस मीटरचा घ्यावा? मारुती जिप्सीचं 1.3 लिटरचं 80 एचपी इंजिन सहज मिळतं, ते चालेल का? आलापल्लीचा सागवान आणि नागपूरच्या बाजारातलं खिडक्यांचं अ‍ॅल्युमिनियम, यातलं स्पारला (पंखातल्या मुख्य तुळईला) काय चालेल? पंपावरचं पेट्रोल वापरता येईल का?

कामगिरीत तडजोड नको आहे. वेळ गेला तर चालेल.

घनता_आधी

सुरुवात हवेपासून करा, कारण सगळ्या पुस्तकी आकड्यांमागची हवा 15 अंशांची असते. 310 मीटरवर 45 अंशांना हवेची घनता घनमीटरला सुमारे 1.07 किलो येते. प्रमाण हवेची 1.225. म्हणजे तुमचं विमान जमिनीवर उभं असतानाच त्याला वाटतं की आपण 1400 मीटरवर आहोत. इंजिनाची ताकद यात साधारण 14 टक्के घटते आणि त्याच इंडिकेटेड (मीटरवर दिसणाऱ्या) वेगाला जमिनीवरचा खरा वेग 7 टक्के वाढतो.

आता पंख. स्टॉलचं सूत्र एकच : क्षेत्रफळ = 2 × वजन ÷ (घनता × वेगाचा वर्ग × कमाल लिफ्ट गुणांक). वजन 3532 न्यूटन, वेग 20.8 मीटर/सेकंद. फ्लॅप नसतील तर गुणांक 1.4 धरा, पंख 9.5 चौ.मी. येतो. पंखाच्या निम्म्याहून जास्त लांबीला स्लॉटेड फ्लॅप दिले तर 1.8 धरता येतो आणि पंख 7.4 चौ.मी.वर येतो. पुस्तकात 2.2-2.4 दिसेल, पण तो पूर्ण लांबीच्या फ्लॅपचा किंवा पवनबोगद्यातल्या गुळगुळीत तुकड्याचा आकडा असतो. घरी बनवलेल्या पंखाला 1.8 च्या वर धरू नका.

हा 2 चौ.मी.चा फरक कुठे जातो ते बघा. पंख लहान झाला की ड्रॅग कमी, वजन कमी, दुपारच्या वावटळीत हादरे कमी. किंमत काय, तर फ्लॅपचे बिजागर, टॉर्क ट्यूब, लिव्हर, मिळून 5-6 किलो. तडजोड करायचीच तर ही करा, सगळ्यात स्वस्त पडते.

पंखाचा विस्तार (टोकापासून टोकापर्यंत) 7.2 मीटर, जीवा (पुढून मागे रुंदी) 1.03, म्हणजे आस्पेक्ट रेशो (दोघांचं गुणोत्तर) 7. प्रोफाइल (पंखाच्या छेदाचा आकार) नाका (NACA) 4415 घ्या. 23015 चा पिचिंग मोमेंट (नाक खाली वळवणारा जोर) कमी असतो हे खरं, पण त्याचा स्टॉल एकदम तुटतो. 4415 आधी सांगून, हळू सोडतो. टोकांना 2 ते 3 अंश वॉशआउट, म्हणजे पुढची कड खाली जाईल असा पीळ, द्या.

लॅमिनार (हवा थराथरानं गुळगुळीत वाहू देणाऱ्या) प्रोफाइलच्या मोहात पडू नका. मे महिन्यात लीडिंग एजवर (पंखाच्या पुढच्या कडेवर) धूळ बसते, ऑक्टोबरात चिलटं, आणि लॅमिनार प्रवाह तिथेच मोडतो. लाँग-ईझी घराण्यातल्या विमानांच्या पुढच्या छोट्या पंखाला सुरुवातीला असंच नाजूक प्रोफाइल होतं. पावसाचे थेंब बसले की त्याची लिफ्ट घटायची आणि नाक खाली जायचं. पुढे ते प्रोफाइलच बदलावं लागलं.

सपाट_पाटी

वेगाबद्दल लिहितो, कारण प्रश्नात 80 एचपी आणि 200 किमी शेजारी शेजारी आलेत. त्यांचा तसा थेट संबंध नाही.

वरचाच पंख घ्या. विमान नीट स्वच्छ असेल तर शून्य-लिफ्ट ड्रॅग गुणांक 0.028 पर्यंत आणता येतो, म्हणजे हवेत 0.21 चौ.मी.ची आडवी पाटी धरल्यासारखं. 45 अंशांच्या हवेत 200 ला एकूण ड्रॅग सुमारे 405 न्यूटन होतो. पंख्याची (प्रोपेलरची) कार्यक्षमता 80 टक्के धरली तर शाफ्टवर 38 एचपी लागतात. हेच विमान गबाळं बनवलं आणि गुणांक 0.045 झाला, तर त्याच वेगाला 58 एचपी लागतात. 20 एचपीचा फरक, आणि तो सगळा पत्र्याच्या कडांत, फटींत आणि चाकांभोवती दडलेला असतो.

सगळ्यात महाग चूक गोल पाईपची. 25 मिमी व्यासाचा, फक्त 1 मीटर लांब गोल पाईप हवेत उघडा ठेवला तर त्याचा ड्रॅग 0.027 चौ.मी. पाटीएवढा असतो, म्हणजे तुमच्या संपूर्ण विमानाच्या 13 टक्के! त्याच जाडीच्या पाईपवर थेंबाच्या आकाराची फेअरिंग (आवरण) चढवली तर हा आकडा दहाव्या हिश्श्यावर येतो. लँडिंग गिअरचा पाय, पायऱ्या, अँटेना, सगळ्यांना हाच नियम.

मग क्रम असा : आधी गिअरच्या पायांची फेअरिंग आणि पाय जिथे फ्यूजलाजला (विमानाच्या धडाला) मिळतो तिथला कोपरा. दुसरं, पंखाच्या मुळाशी मागे रुंदावत जाणारा फिलेट (गोलाईचा भराव). लो-विंगला तो नसला तर प्रवाह मुळाशीच सुटतो. तिसरं, एलेरॉन (विमान कलवणाऱ्या झडपा) आणि फ्लॅपच्या फटींना रबरी किंवा कापडी सील. चौथं, कॉकपिटमधून हवा बाहेर गळू न देणं. रिव्हेट फ्लश करण्यात लोक महिने घालवतात. ते फक्त लीडिंग एजपासून जीवेच्या 30 टक्क्यांपर्यंत करा, मागे गोल डोक्याचे चालतात.

चाकं आत घेणारं गिअर या वेगाला परवडत नाही. वजन वाढतं, बिघाड वाढतात, आणि नीट झाकलेल्या चाकाच्या तुलनेत मिळकत फार थोडी.

1973 मध्ये पहिल्यांदा उडालेलं फ्रेंच क्रि-क्रि बघा, त्याची नंतरची आवृत्ती : रिकामं वजन 78 किलो, 15-15 एचपीची दोन इंजिनं, आणि तरी वेग 200 च्या वर. पण त्याची इवली चाकं आणि जमिनीला टेकलेलं पोट आपल्या मुरमावर उपयोगाचं नाही. तिथून स्वच्छता घ्या, चाकं नको.

खडा_मुरूम

चाकांचा विषय निघालाच आहे तर. 5.00-5 टायर डांबरी धावपट्टीसाठी. मुरमावर 6.00-6 घ्या. काळ्या मातीला उन्हाळ्यात ज्या भेगा पडतात त्यात 5.00-5 अडकतं, आणि पट्टीवरून दोन मीटर जरी बाजूला गेलात तरी नोजगिअर वाकतो. व्हील पँट (चाकावरचं आवरण) आणि टायरमध्ये 20-25 मिमी फट ठेवा. पावसाळ्यात पँट काढूनच ठेवा. काळी माती आत भरते, घट्ट होते आणि ब्रेक दाबल्यासारखं चाक थांबते. पंख्याचं टोक जमिनीपासून 25 सेंमी तरी वर राहू द्या. मुरमाचे खडे लीडिंग एज खाऊन टाकतात, म्हणून तिथं निकेलची किंवा पॉलियुरेथेनची पट्टी लावा. उभ्या विमानाला फुल थ्रॉटल देऊ नका. चालू झाल्यावर हळूहळू वाढवा.

आणि पट्टीला तारेचं कुंपण पाहिजेच. कुत्रं दिसते, पळते; रोही (नीलगाय) ऐन वेळी उलटा वळते.

पूर्णाकाठ

म्हणजे 38 एचपीत 200 जमत असेल, तर 50-60 एचपीचं हलकं इंजिन घेऊ का? जिप्सीचा विचार मग सोडूनच देतो.

घनता_आधी

थांबा, तिथेच गफलत होते. वेग स्वच्छतेतून येतो, पण उड्डाण आणि चढण वजनातून आणि ताकदीतून येते. तुमची पट्टी 450 मीटर आहे आणि टोकाला लाईन आहे. हिशेब 15 मीटर उंची गाठेपर्यंतचा करा, फक्त चाकं सुटेपर्यंतचा नको.

60 एचपी, 360 किलो, मुरूम, वारा नाही असं धरून : 15 अंशांना चाकं सुमारे 165 मीटरवर सुटतात. 45 अंशांना 230 मीटरवर, आणि 15 मीटर उंची गाठायला एकूण 390 मीटर. त्यावर 1.3 चा सुरक्षा गुणक लावा, 507 झाले. पट्टी संपली. सकाळी 28 अंशांना हाच हिशेब 345 × 1.3 म्हणजे 448 येतो, जेमतेम.

80 एचपी असेल तर 45 अंशांना 265 × 1.3, म्हणजे 345 मीटर. आता मे महिन्यातही जागा उरते. चढण सेकंदाला 3.9 मीटरवरून 6 वर जाते.

म्हणजे 80 एचपी घ्या, पण उडण्यासाठी. प्रवास 38 एचपीवर करा. तासाला 11-12 लिटर जातील आणि 40 लिटरच्या टाकीत अर्ध्या तासाची राखीव ठेवून पावणेतीन तास मिळतील. वजनाचं मात्र विसरू नका : 60 एचपीच्याच विमानात 30 किलो जास्त भरले तर चढण 3.9 वरून 3.4 वर येते.

गिअर_रेशो

जिप्सीचं इंजिन वाईट नाही, जागा चुकीची आहे. 80 एचपी ते 6000 आरपीएमला देतं. 1.6 मीटरचा पंखा थेट 6000 ने फिरवला तर टोकाचा वेग सेकंदाला 500 मीटर होतो. 45 अंशांना ध्वनीचा वेग 357. पंखा फक्त आवाज करेल, ओढणार नाही. म्हणून रिडक्शन लागते, आणि घरगुती रिडक्शनमध्ये जीव जातो तो टॉर्शनल (शाफ्ट पिळणाऱ्या) कंपनांमुळे. चार सिलिंडरचे धक्के आणि पंख्याचं जडत्व यांची लय एखाद्या आरपीएमला जुळते आणि पट्टा, गिअरचे दात किंवा क्रँकचं टोक तुटते. मध्ये रबराचं कपलिंग किंवा सेंट्रिफ्यूगल क्लच टाकून ती लय आयडलच्या खाली ढकलावी लागते. शिवाय रिडक्शन, रेडिएटर, पाणी धरून वजन सहज 100 किलोच्या पुढे. तुमच्या 240 च्या हिशेबात हे बसत नाही.

त्यापेक्षा रोटॅक्स 912, 80 एचपीवालं. 5800 आरपीएम, 2.27 चा गिअर, पंखा 2555 ला, टोकाचा वेग 214. रेडिएटर, ऑइल टाकी, एक्झॉस्ट धरून 75 किलोच्या आसपास. खर्च जास्त आहे, हो.

पेट्रोल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं मिळते. 912 ला 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी आहे. नळीचं रबर फुगते, कार्ब्युरेटरचे फ्लोट आणि ओ-रिंग खराब होतात, फायबरच्या टाकीचं रेझिन मऊ पडते, आणि आर्द्र हवेतलं पाणी ओढून इथेनॉल टाकीच्या तळाशी वेगळं बसते. ऊर्जाही लिटरमागे 6-7 टक्के कमी.

तपासायला 100 मिलीचं मोजपात्र घ्या : 10 मिली पाणी, 90 मिली पेट्रोल, जोरात हलवा, पाच मिनिटं ठेवा. खालचा थर 10 लाच राहिला तर इथेनॉल नाही. 19 च्या आसपास गेला तर 10 टक्के, 28 कडे गेला तर 20. पाण्याने धुऊन इथेनॉल काढायची आयडिया काही लोक देतात. करू नका, ऑक्टेन खाली येते आणि विरघळलेलं पाणी उरते. एव्हगॅस 100एलएल चालते, पण तीस टक्क्यांपेक्षा जास्त वेळ तेच वापरलं तर शिशामुळे ऑइल दर 25 तासांनी बदला.

आता कूलिंग, विदर्भात यावरच विमान अडते. कूलंट 110 अंशांवर धरलं तर 15 अंशांच्या हवेत 95 अंशांचा फरक मिळतो, 45 ला फक्त 65. रेडिएटर साधारण दीडपट लागतो. पण पुढचं तोंड मोठं करू नका, त्याने फक्त ड्रॅग वाढतो. तोंड लहान, मागे हळूहळू रुंदावणारा डक्ट (एका बाजूला 7-8 अंशांपेक्षा जास्त फाकवू नका), रेडिएटरच्या चारही कडा रबराने बंद, आणि बाहेर जायच्या वाटेला पायलटच्या हातात असलेला फ्लॅप. चढताना उघडा, प्रवासात बंद. हवा किती जाते ते बाहेरची वाट ठरवते, आतली नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब, फायरस्लीव्हमध्ये, आणि टाकीकडे परत जाणारी रिटर्न लाइन द्या. ती नसली की गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू करताना व्हेपर लॉक (नळीत पेट्रोलची वाफ अडकणं) होतोच.

रंधा

भाऊ, सागवानाचा नाद सोडा. आलापल्लीचा सागवान दारं-खिडक्यांचा राजा, पण स्पारला नाही. घनता घनमीटरला 650 किलोच्या आसपास. विमानात वापरतात त्या सिट्का स्प्रूसची 430. ताठरपणा मात्र दोघांचा जवळपास सारखाच. म्हणजे तेवढ्याच कामाला दीडपट वजन. आणि सागवानात तेल राहते, त्यावर गोंद धरत नाही. असिटोनने पुसून लगेच चिकटवलं तरी पाच वर्षांनी सांधा काय करेल याची खात्री कोण देणार?

लाकूडच पाहिजे असेल तर स्प्रूस किंवा चांगलं डग्लस फर मागवा. स्पारच्या लाकडात रेषांचा तिरपेपणा 1:15 पेक्षा जास्त नको, ओलावा 8 ते 12 टक्के. बाजारातलं आयएस 710 मरीन प्लाय नावेला ठीक, विमानाला नाही. आतल्या थरांत पोकळ्या निघतात. गोंद रिसॉर्सिनॉलचा. साधा युरिया गोंद उन्हाळा-पावसाळ्याच्या फेऱ्यात ठिसूळ होते. प्रत्येक रिबच्या (पंखातल्या आडव्या फासळीच्या) कप्प्याला सगळ्यात खालच्या ठिकाणी 5-6 मिमीचं भोक पाडा, नाहीतर आषाढात आत साचलेलं पाणी दिवाळीपर्यंत राहते.

इपॉक्सी आणि फायबरचं : घरच्या तापमानाला घट्ट झालेलं इपॉक्सी 60 अंशांच्या पुढे मऊ पडू लागते. मेच्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग 80 च्या पुढे जातो. म्हणून फायबरची विमानं पांढरी असतात, शोभेसाठी नाही. पंखावर निळा पट्टा काढायची हौस असेल तर स्पारवरून नेऊ नका.

सपाट_पाटी

अ‍ॅल्युमिनियमचं मी घेतो. खिडक्यांचं सेक्शन 6063-टी5 असतं, यील्ड 145 मेगापास्कल. 6061-टी6 चं 275, 2024-टी3 चं 345 च्या आसपास. दिसायला तिन्ही सारखीच पांढरी. टेस्ट सर्टिफिकेट नसलेला तुकडा स्पारमध्ये घालायचा नाही, बस.

स्पारचा अंदाज : 3.8 जी (वजनाच्या 3.8 पट भार) मर्यादा, त्यावर दीडपट म्हणजे 5.7 जी. मुळाशी वाकवणारा मोमेंट सुमारे 12.6 किलोन्यूटन-मीटर येतो (पंखाच्या स्वतःच्या वजनाची सूट न घेता). 15 टक्के जाडीच्या पंखात स्पारच्या वरच्या-खालच्या दोन कॅपमधलं (पट्ट्यांमधलं) अंतर 130 मिमी मिळतं, म्हणजे प्रत्येक कॅपवर 97 किलोन्यूटन. 2024 ला दाबात 290 धरून मुळाशी 335 चौ.मिमी कॅप लागते. टोकाकडे ती कमी करत न्या, सगळं वजन तिथेच वाचतं. पण कॅप एकदम संपवू नका, तिरपी कापा. जिथे जाडी अचानक बदलते तिथूनच थकव्याची चीर सुरू होते.

रिव्हेटच्या भोकाचं केंद्र कडेपासून व्यासाच्या दुप्पट लांब. बोल्ट विमानाचेच, आणि लांबी अशी की आटे सांध्याच्या आत येणार नाहीत. फिरणाऱ्या सांध्याला नायलॉक नट नको, कॅसल नट आणि कॉटर पिन.

पूर्णाकाठ

मागची शेपटी कशी ठरवायची? आणि पंखाची चाचणी गावात करता येईल का?

घनता_आधी

पंखापासून शेपटीचं अंतर 3.3 मीटर धरा. आडव्या शेपटीचा व्हॉल्यूम गुणांक 0.55 घेतला तर 0.55 × 7.4 × 1.03 ÷ 3.3, म्हणजे 1.27 चौ.मी. उभ्या शेपटीला अंतर 3.1 आणि गुणांक 0.035 धरून 0.60 चौ.मी. वेगाच्या नादात लोक शेपटी कापतात; वाचतात दोन-तीन किमी आणि फ्लॅप उघडल्यावर नाक उचलायला एलेव्हेटर पुरत नाही. गुरुत्वमध्य जीवेच्या 18 ते 30 टक्क्यांत ठेवा. ही मर्यादा फक्त 12 सेंमीची आहे. म्हणून टाकी आणि पायलटची सीट दोन्ही गुरुत्वमध्याच्या जवळ हव्यात. एलेरॉनला बिजागराच्या पुढे शिशाचं वजन देऊन शंभर टक्के बॅलन्स करा, आणि ते रंग दिल्यानंतर पुन्हा तपासा. रंग बिजागराच्या मागे जास्त बसतो, फ्लटर (वेगात झडप फडफडून मोडणं) तिथूनच येतो.

खडा_मुरूम

चाचणी गावात मस्त होते. पंख उलटा बसवा, म्हणजे खाली दाबणारं वजन लिफ्टचं काम करते. दोन्ही पंख मिळून 60 किलो धरले तर मर्यादेच्या भारासाठी पोती : 3.8 × (360 − 60) − 60 = 1080 किलो. शेवटचे 60 वजा, कारण उलटा पंख स्वतःही खालीच ओढतो. 5.7 जी साठी 1650. खताच्या रिकाम्या पिशव्यांत कोरडी वाळू, 20-20 किलो, प्रत्येक पिशवी वजन करून. वाळू ओली झाली की हिशेब गेला. मुळाशी जास्त, टोकाकडे कमी, आणि जीवेच्या पुढच्या चौथाईवर केंद्र राहील अशी मांडा, मधोमध नको. दोन्ही बाजूंना सोबतच चढवा. मांडताना टोकांखाली आधार, मांडून झाले की जॅक सावकाश उतरवा. 3.8 ला उतरवल्यावर पंख पूर्ण मूळ जागी आला पाहिजे, 5.7 तीन सेकंद झेलला पाहिजे. 5.7 झेललेला पंख उडवायचा नाही. त्यासाठी वेगळा स्पार बनवा, उडायच्या पंखाला फक्त 3.8.

विमान तोलायला धर्मकाट्यावर जाऊ नका, तो 5-10 किलोच्या टप्प्यानं सांगतो. कापूस-सोयाबीन खरेदीचे इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटे तीन आणा, तिन्ही चाकांखाली एकाच वेळी, विमान लेव्हल करून, शटर बंद करून. दाराच्या फटीतला वारासुद्धा दोन-तीन किलोंनी काटा हलवते.

रंधा

एक राहिलंच. पहिला पत्रा कापायच्या आधी डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे) पत्रव्यवहार सुरू करा, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो, मालाची सर्टिफिकेटं, वजनाच्या नोंदी तारखेसह ठेवा. स्वतः विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांच्या विमानाला 2017 मध्ये व्हीटी-एनएमडी हा नोंदणी क्रमांक मिळाला, उड्डाणाच्या परवानगीला 2019 उजाडलं. स्पार बंद करून वरून पत्रा मारला आणि मग तपासणारा म्हणाला आत दाखवा, तर रिव्हेट ड्रिल करून काढण्यावाचून इलाज राहत नाही.